पान पाणी फोडतं कसं

प्रिय मंदार,

परवा फोनवर विचारत होतास ना, प्रकाशसंश्लेषणावर इतक्या देशांचे लोक मिळून करतात तरी काय, ते बोलणं अर्धवट राहिलं म्हणून लिहितोय.

फोटोसिस्टिम टू घे, पानातलं एक प्रोटीन. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन हेच प्रोटीन पाणी फोडून सोडतं, आणि फोडायचं काम करतात त्याच्यातले चार मँगनीज न् एक कॅल्शियम अणू. १९६९ मध्ये फ्रान्सच्या पिएर जोलिओने प्रकाशाचे फ्लॅश एकेक करून मारले तर सगळ्यात जास्त ऑक्सिजन तिसऱ्या फ्लॅशला आला, मग दर चौथ्याला, आणि त्यावरून मूळच्या डच बेसल कोकने १९७० मध्ये अमेरिकेत पाणी फोडण्याच्या टप्प्यांचं चक्र मांडलं. हिशोब जुळला, पण आतलं यंत्र दिसेना.

२००१ मध्ये बर्लिनवाल्यांनी एक्स-रे वापरून या प्रोटीनची पहिली रचना काढली, अंधुकच, ३.८ अँगस्ट्रॉमची (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग, आकडा जितका कमी तितकं चित्र स्पष्ट). हेच प्रोटीन असलेल्या एका बॅक्टेरियातून ते घेतलं होतं, आणि गंमत म्हणजे तो बॅक्टेरिया जपानच्या बेप्पूमधल्या गरम झऱ्यातला! मग २०११ मध्ये जपानच्या शेन आणि कामिया यांनी १.९ वर नेली, अणू न् अणू दिसला. तरी एक गोची होतीच, एक्स-रे पडला की मँगनीज बिघडतं, म्हणजे बघायला जावं तर जे बघायचंय तेच बदलतं.

उपाय निघाला एक्स-रे लेझरचा. पल्स इतकी छोटी, फेमटोसेकंदांची (सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दशलक्षावा भाग), की बिघाड व्हायच्या आत फोटो निघालेला असतो. अमेरिकेत स्टॅनफर्डला काय करतात बघ, प्रोटीनचे स्फटिक असलेले इवलेसे थेंब सरकत्या टेपवर पडतात, टेप पुढे जाताना हिरव्या लेझरचे एक, दोन, तीन फ्लॅश बसतात, की लगेच एक्स-रे. तेच जोलिओचे फ्लॅश, रे! प्रोटीन बर्लिनच्या अथिना झूनीच्या ग्रुपचं, ऑक्सिजन खरंच सुटतोय का ते तपासणारा मेसिंगर स्वीडनमधला, मोजमाप अमेरिकेतल्या बर्कलीच्या जुन्को यानो, विट्टल याचंद्र, यान केर्न यांचं. यातला एकही देश हे एकट्याने करू शकला नसता असं मला मनापासून वाटतं.

आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते त्यांचं भांडण. शेवटच्या टप्प्याआधी, जे जोडून ऑक्सिजन बनतो त्या दोन ऑक्सिजन अणूंमध्ये अंतर किती? जपान म्हणालं १.५ अँगस्ट्रॉम (२०१७), म्हणजे बंध जवळपास झालेलाच, बर्कलीवाले २०१८ मध्ये म्हणाले २.१, बंध अजून नाही, आणि २०१९ मध्ये जपानच्याच ग्रुपने नव्या डेटावरून १.९ सांगितलं. या रचना प्रोटीन डेटा बँक नावाच्या ऑनलाइन साठ्यात टाकलेल्या असतात, विरोधकानेसुद्धा उघडून तपासाव्यात, फुकट. देशोदेशीचं सहकार्य म्हणजे मला तरी हेच वाटतं, नुसती कामं वाटून घेणं नाही.

तुझ्या टीवायच्या पोरांना दाखवच. त्या बँकेच्या साइटवर थ्री-डब्ल्यू-यू-टू (3WU2) असा कोड टाक, २०११ ची रचना येईल, मँगनीजवर झूम कर आणि बाजूचे पाण्याचे रेणू बघ, कितीतरी आहेत. पोरं काय विचारतात ते कळव, वाट बघतोय. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अभिजित