अण्णा, आमची मोटर आता घरचंच ऐकते

ती. स्व. अण्णा,
साष्टांग नमस्कार.

आईने तुमचे आभार मानले असतील, चहाही पाजला असेल. पण मला ते चारचौघांसमोर मानायचे आहेत, म्हणून हे उघडं पत्र. माझ्यासारखे अनेकजण पुण्या-मुंबईला राहतात आणि सोलापुरातल्या आईवडिलांचं घर मोबाइलवरून सांभाळतो असं समजतात. तुम्ही जे शिकवलंत ते त्यांनीही वाचावं.

मे महिन्यातली ती रात्र तुम्हाला आठवतच असेल. जुळे सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. त्या संध्याकाळी ते आलं होतं, हौद काठोकाठ भरला होता. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तीनच आठवडे झालेले. मोटरचं बटण मागच्या बोळात, चार पायऱ्या उतरून, त्यामुळे तिने बोललेलं ऐकणाऱ्या स्पीकरला सांगून स्मार्ट स्विचमधून मोटर लावली. बंद करणं तिच्याकडे नव्हतंच. अर्ध्या तासाने मोटर आपोआप थांबेल असं मी पुण्यात बसून ॲपमध्ये लावून ठेवलं होतं. त्याच अर्ध्या तासात कोपऱ्यावरच्या खोदकामात इंटरनेटची केबल तुटली.

गच्चीवरची टाकी वाहायला लागली. आई स्पीकरला सांगून सांगून थकली, त्याचं एकच उत्तर, इंटरनेट नाही. तिने मला फोन केला. मी ॲप उघडलं तर मोटरपुढे ‘ऑफलाइन’. तीनशे किलोमीटरही अंतर नाही, आणि मला एक मोटर बंद करता येईना. फोनवर पाणी पडण्याचा आवाज येत होता आणि आई म्हणत होती, “मी उतरते गं हळूहळू.” तेवढ्यात रात्रपाळीहून परतणारे तुम्ही तिला खिडकीतून दिसलात. तुम्ही फाटक उघडून बोळात गेलात आणि मोटरची वीज तोडणारा खटका, एमसीबी, पाडलात. तोवर हौद रिकामा झाला होता, मोटर कोरडी फिरून वाइंडिंग जळलं होतं, आणि चार दिवसांचं पाणी गटारात गेलं होतं. पण आई त्या ओल्या पायऱ्या उतरली नाही, अण्णा. माझ्यासाठी सगळं तिथेच आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने मी आले ती सगळे स्विच उपटून टाकायचे असं ठरवूनच. तुम्ही थांबवलंत. म्हणालात, “स्विच चांगला आहे ताई, त्याचा मालक परगावी बसलाय.” मग माझ्याच फोनवर दाखवलंत. मी बटण दाबते, तो निरोप कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर जातो, तिथून परत आमच्या राउटरवर येतो आणि मग त्याच भिंतीतल्या स्विचला कळतो. अर्ध्या तासाचा हिशेबही तिकडेच ठेवलेला. इतकी वर्षं वापरूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पुढे वाचलं तेव्हा कळलं की केबल न तुटताही असं होतं. घरातली उपकरणं चालवणारं रिव्हॉल्व्ह नावाचं 299 डॉलरचं यंत्र 2016 च्या मे महिन्यात कंपनीने सर्व्हर बंद करताच निकामी झालं, आणि 2022 च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑन या तशाच कंपनीचे सर्व्हर ग्राहकांना काहीही न कळवता बंद पडले.

यंत्रमागाच्या कारखान्यात स्टार्टर दुरुस्त करण्यात तुमची हयात गेली, आणि तो हात आमच्या घराला लागला हे आमचं भाग्य. तुम्ही कॉम्प्युटरपासून सुरुवात केलीच नाहीत. आधी हौदात पाण्यावर तरंगणारा फ्लोट स्विच सोडलात आणि त्याची वायर कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दणकट स्विचच्या, कॉइलमध्ये घेतलीत. हौदातलं पाणी खाली गेलं की कॉइल सुटते आणि मोटर थांबते. तिथे वायफाय लागत नाही, प्रोग्रॅमही लागत नाही. छोट्या स्मार्ट स्विचमधून मी एक एचपीची मोटर थेट चालवत होते हे पाहून तुम्ही रागावलात. सुरू होताना मोटर कित्येक पट करंट खेचते, स्विचच्या रिलेने फक्त कॉन्टॅक्टरला इशारा द्यावा. तो राग आईने मला पुन्हा दोनदा ऐकवला, आणि तो योग्यच होता.

मग स्विच उघडलेत. आत ईएसपी8266, म्हणजे प्रोग्रॅम बदलता येणारी वायफायची चिप, निघाली तेव्हा तुमचा चेहरा उजळला. घरच्या विजेपासून स्विच पूर्ण सुटा करून, 3.3 व्होल्टवर, चार बारीक वायरी जोडून तुम्ही त्यात टास्मोटा हा कंपनीच्या सर्व्हरवाचून चालणारा प्रोग्रॅम भरलात. आई डोळ्यांवर चष्मा चढवून सगळं पाहत होती. त्यातल्या दोन सूचना मी वहीत लाल शाईने लिहिल्या आहेत. पहिली, मोटर किती वेळ चालेल ते ठरवणारी पल्सटाइम 2500. सेकंदांत शंभर मिळवायचे असतात, म्हणजे 2400 सेकंद, चाळीस मिनिटं. ती आता स्विच स्वतः मोजतो. राउटर गेला, कॉम्प्युटर बंद पडला तरी चाळीस मिनिटांनी मोटर थांबणारच. दुसरी, पॉवरऑनस्टेट 0. वीज जाऊन परत आली की दिवे हवं तर पूर्वीसारखे लागोत, मोटर मात्र बंदच राहिली पाहिजे. असं काही सांगावं लागतं हे ॲपने मला कधी विचारलंच नव्हतं.

घरातली सगळी उपकरणं एका जागेवरून चालवणारा होम असिस्टंट, रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर बसवायला फार वेळ लागला नाही. 2013 मध्ये पॉलस शाउटसेन यांनी सुरू केलेला हा प्रोग्रॅम फुकट मिळतो आणि आपल्याच घरात चालतो, हे मला ऐकून माहीत होतं, पण हात लावायचं धाडस नव्हतं. बिनवायरच्या बटणांशी बोलणारा झिगबीचा डोंगल तुम्ही हातभर यूएसबी वायर लावून लांब ठेवायला सांगितलात, कारण यूएसबी 3 चा पोर्ट शेजारी असला की झिगबीच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींत गोंगाट होतो. तेवढं केल्यावर आईच्या उशाचं बिनवायरचं बटण एकदाही चुकलं नाही. आता तिला फोन नको, स्पीकरही नको. एकदा दाबलं की मोटर, दोनदा दाबलं की बोळातला दिवा.

आणि शेवटी तुम्ही जे केलंत ते मी विसरणार नाही. राउटरची इंटरनेटची वायर काढून माझ्या हातात दिलीत आणि आईला म्हणालात, “आता लावा मोटर.” दुरुस्त होऊन आलेली मोटर लागली. आईने ती बंद केली, पुन्हा लावली, पुन्हा बंद केली. किती दिवसांनी ती अशी हसली.

पुण्याहून पाहायचं तर मला इंटरनेट लागतंच, ते खरं. तेवढी एक वाट कुलूप लावून ठेवली आहे. ती बंद पडली तर मला दिसणार नाही इतकंच, आईचं काही अडत नाही. ती रात्री किती वाजता उठली, कोणता दिवा लावला, याची नोंदही आता तिच्याच घरात राहते.

मजुरी तुम्ही घेतली नाहीत. सामानाचे पैसेसुद्धा आईने बळेच खिशात घातले. या वेळी गड्ड्याच्या यात्रेला मी आठवडाभर आहे. आई हुग्गी करणार आहे, वहिनींना घेऊन जेवायलाच या. गच्चीवरच्या टाकीचा सेन्सर मी मागवला आहे. त्या दिवशी जोडूया, यावेळी सोल्डरिंग मला करू द्या, तुम्ही शेजारी बसा. आणि तुमचा मल्टीमीटर आमच्या मीटरपेटीवर राहिलाय, आईने कापडात गुंडाळून ठेवलाय.

तुमची,
जुळे सोलापूरच्या ताईंची मुलगी