तुम्ही 'घोरतो' असंच लिहिलंत

प्रिय ताई,

हे पत्र मागच्या वर्षीच लिहायला हवं होतं. दोनदा लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा 'तुमचे उपकार कसे फेडू' या वाक्याशी येऊन अडले. ते वाक्य खोटं नाही, पण ते कुणीही कुणालाही लिहू शकतं. मला त्या एका संध्याकाळबद्दलच लिहायचंय.

तुमच्या लेखनवर्गात मी लिहायला म्हणून आलेच नव्हते. संध्याकाळी सहा ते आठ घरात बसवत नव्हतं, म्हणून यायचे. नवऱ्याला जाऊन सात महिने झाले होते, नोकरी सुटली होती, घर बदलावं लागलं होतं. दोन आठवडे माझी वही कोरी होती. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलात, माझ्या हातातलं पेन हळूच काढून घेतलंत आणि म्हणालात, "तुम्ही बोला, मी लिहिते."

मी काय बोलणार होते? तोंडातून निघालं, "तो घोरतो. डाव्या कुशीवर असला की जास्तच. मी त्याला ढोसते, मग तो झोपेतच 'सॉरी' म्हणतो आणि परत घोरतो."

मी वहीत डोकावले. 'घोरतो.' 'ढोसते.' 'म्हणतो.' जसं बोलले तसंच, शब्दाला शब्द. तुमचं पेन कुठे थांबलं नव्हतं, तुम्ही वर मान करून माझ्याकडे पाहिलंही नव्हतं.

ताई, त्याआधीचे सात महिने जो तो माझा काळ दुरुस्त करत होता. एका कार्यालयात मी म्हणाले, "माझ्या मिस्टरांचं नाव असं आहे." खिडकीपलीकडचा माणूस कागदावरची नजर न काढता म्हणाला, "होतं म्हणा मॅडम." जे माझं जगात सगळ्यात जवळचं माणूस होतं, त्याला एका क्रियापदात संपवलं त्यांनी, आणि पुढचा कागद मागितला. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही. घरचे म्हणायचे, "सावर आता, आयुष्य पडलंय पुढे." मी चिडले की एक मैत्रीण समजावायची, ही रागाची पायरी आहे, ओलांडशील. ते तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात की एलिझाबेथ क्यूबलर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी 1969 साली दुःखाच्या ज्या पाच अवस्था लिहिल्या, राग ही त्यांतलीच एक, त्या मुळात मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांनी एकेक करून चढायच्या पायऱ्या म्हणून नव्हे. "राग आलाय ना, मग मला सांगा कशाचा आलाय," एवढंच म्हणालात. मग मी अर्धा तास बोलत होते.

त्या वर्गात तुम्ही बहिणाबाईंबद्दल सांगितलं होतं. तरुणपणी वैधव्य, अक्षरओळख नाही, आणि तरी काम करता करता ओठांवर गाणी. सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी ती उतरवून घेतली, आणि बहिणाबाई गेल्यानंतरच्या वर्षी, 1952 साली, त्यांचं पुस्तक निघालं. सगळ्यांना ही गोष्ट माहीत असते. मी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा लिहून घेणाऱ्या हातांचा विचार केला. त्यांनी आईचे शब्द शाळेतल्या भाषेत बसवले असते तर? त्यांनी ते तिच्या बोलीतच राहू दिले. बाईचं बोलणं न सुधारता लिहून घेणारी माणसं फार थोडी असतात. चांगुलपणा म्हटलं की लोकांना मोठमोठी मदत आठवते, पैसे, नोकरी, धावपळ. ते करणाऱ्यांचीही मी ऋणी आहेच. पण समोरच्याच्या दुःखाला हात न लावता त्याच्या शेजारी बसायला जी सभ्यता लागते, ती मला तुमच्यात दिसली.

ते पान मी किती वेळा वाचलं असेल! चार महिन्यांनी एका रात्री त्याच्याच खाली मी माझ्या अक्षरात लिहिलं, 'तो घोरायचा.' लिहिलं आणि खूप रडले. पण ते मी लिहिलं होतं, माझ्या वेळेला, माझ्या हाताने.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. मी पुन्हा हसायला लागले आणि हसले की अपराधी वाटायला लागलं. तेव्हा तुम्ही स्ट्रोब आणि शूट या अभ्यासकांचं 1999 सालचं म्हणणं सांगितलंत, की शोकातला माणूस गमावलेल्याकडे आणि नव्या आयुष्याकडे असा आलटून पालटून जात राहतो, आणि ते जाणं-येणंच त्याला सावरतं. त्या दिवसापासून मी हसल्यावर स्वतःला जाब विचारणं सोडलं.

आणि मग ते भेटले. 'आयुष्य पडलंय पुढे' म्हणणारीच तोंडं आता 'इतक्यात?' म्हणाली. तुम्ही फक्त विचारलंत, "त्यांच्याजवळ तुम्हाला याच्याबद्दल बोलता येतं का?"

मी उत्तर न देता घरी आले आणि त्यांना ते पान वाचायला दिलं. 'सॉरी'पाशी ते हसले. मग बराच वेळ वही हातात धरून बसले आणि म्हणाले, "हे वरचं अक्षर कुणाचं?"

तुमचं आहे, म्हटलं. त्यांना तुम्हाला भेटायचंय. कधी येऊ ते कळवा, वही घेऊन येते.

तुमची,
खिडकीजवळच्या खुर्चीतली