जोडी नसतानाचा सराव

अमळनेर

चि. माय,
अनेक आशीर्वाद.

नायट्यामुळे वस्तादांनी तुझा जोडीदारणीबरोबरचा सराव बंद केला, ते बरोबरच केलं. तू चट्टा लपवला नाहीस, स्वतः जाऊन दाखवलास, याचा मला अभिमान वाटतो. कुस्तीत अंगाला अंग घासतं, एकीचा नायटा बघता बघता अख्ख्या होस्टेलला होतो.

आधी औषधाचं. डॉक्टरांनी लिहून दिलेलीच ट्यूब लाव. मेडिकलवर नुसती मागितली की हातात ठेवतात, त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं. खाज थांबते, पण बुरशी पसरतच राहते. चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तोवर लावत राहायचं. टॉवेल, कॉस्च्युम, नीपॅड कुणाला द्यायचे नाहीत. रोज धुऊन कडक उन्हात वाळव.

‘जोडी नाही तर सराव कसला’ म्हणालीस, ते मला पटलं नाही. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी मल्लखांब नावारूपाला आणला. त्या लाकडावर पैलवान एकटाच पकडी घोटायचा. जोर, बैठका, माती खणणं, हेसुद्धा एकट्याचंच काम आहे.

आणि जोडीत एक दोष झाकला जातो. आपण समोरचीवर रेलतो, तिच्या वजनावर तोल सावरतो, मग पाय चुकीचा पडला तरी कळत नाही. पट काढताना, म्हणजे समोरचीचे पाय धरून तिला पाडताना, तुझा मागचा पाय उशिरा येतो, हे मी कधीपासून बघतोय. आता रेलायला कुणी नाही, तर तेवढंच धर. नुसती एंट्री घे, म्हणजे पाय धरायला आत शिरायचं तेवढंच. डोकं वर, गुडघा पुढे, आणि मागचा पाय लगेच ओढून घे. आधी अगदी सावकाश, पाय आपोआप यायला लागला की वेग वाढव. धोबीपछाडसाठी, म्हणजे पाठीवरून आपटायच्या डावासाठी, सायकलची जुनी ट्यूब खांबाला बांध, दोन्ही टोकं धरून वळ आणि कंबर खाली घाल. ट्यूब कमरेने ताणली गेली पाहिजे, हाताने नाही. मॅटवर सीनियरची लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते, मध्ये ३० सेकंद विश्रांती. शॅडो, म्हणजे समोर कुणी नसताना डाव मारायचा सराव, तोसुद्धा घड्याळ लावून तसाच कर, नाहीतर दम टिकणार नाही. झालं की लगेच आंघोळ, आणि अंग नीट कोरडं कर.

चैत्र-वैशाखात आपल्याकडे यात्रांच्या दंगली भरतील. कुणी कितीही मोठं इनाम लावून बोलावलं तरी डॉक्टरांनी मोकळं केल्याशिवाय उतरायचं नाही. समोरची पोरगीही कुणाची तरी लेक आहे.

एंट्रीचा व्हिडिओ बाजूने घे, समोरून नको. मागचा पाय बाजूनेच दिसतो. रविवारी पाठव, मी बघून फोन करतो. आई विचारते, सुती कपडे पुरतात का? कमी पडत असतील तर पुण्याच्या गाडीने पाठवू.

तुझे,
नाना