चार बेस गिटारी कशासाठी?

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत घराघरांत साठत जाणाऱ्या वस्तूंविषयीचा लेख वाचला. लेखाचा एकूण रोख मला मान्य आहे. दोन मिक्सर आणि तीन डिनर सेट माळ्यावर धूळ खात ठेवणाऱ्यांची बाजू घेण्याचा माझा विचार नाही. मात्र त्याच ओघात लेखकाने आपल्या भाच्याच्या खोलीत टांगलेल्या चार बेस गिटारींची थट्टा केली आहे आणि 'चारही दिसायला सारख्या, वाजायला सारख्या, मग चार कशाला' असा प्रश्न विचारला आहे. त्याचे उत्तर त्या भाच्याने दिले की नाही, हे लेखावरून कळत नाही, म्हणून मी देतो. गेली एकतीस वर्षे सांगली आणि आसपासच्या जिल्ह्यांत मी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवत आलो आहे आणि आजमितीला माझ्याकडेही चारच आहेत. एके काळी सात होत्या. उरलेल्या तिनांचे काय झाले, तेही पुढे लिहिणार आहे, कारण लेखकाचे म्हणणे जिथे खरे ठरते ती जागा तीच आहे.

हाच प्रश्न लेखकाने एखाद्या तबलजीला विचारला असता का? साथीला निघालेला तबलजी गायकासाठी काळी एकचा आणि गायिकेसाठी काळी चारचा तबला वेगळा घेतो, त्या दोन तबल्यांच्या तोंडाचे माप वेगळे असते आणि त्याच्या घरी असे पाच-सहा तबले गवसणीत बसलेले असतात. आमच्या शेजारच्या मिरजेत तानपुरे बनवणारी घराणी आहेत. तिथे पुरुषाच्या आवाजासाठीचा तानपुरा मोठ्या भोपळ्याचा आणि बाईच्या आवाजासाठीचा लहान, हे पोरासोरांनाही ठाऊक असते. त्याला कोणी साठेबाजी म्हणत नाही. बेस गिटारीच्या वाट्याला मात्र हा समजूतदारपणा येत नाही, कारण ती गाण्याच्या तळाचे जाड सूर धरते, हेच मुळात बहुतेकांना ऐकू येत नाही. तिच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा सूर सुमारे 41 हर्ट्झचा असतो आणि मोबाइलच्या स्पीकरमधून तो जवळपास येतच नाही. राहुलदेव बर्मन यांची गाणी तोंडपाठ असणाऱ्या किती जणांना त्यांच्या वाद्यवृंदातील बेस गिटारवादक टोनी वाझ यांचे नाव सांगता येईल? तक्रार म्हणून हे लिहीत नाही. बेस वाजत असतो तोवर कोणाचे लक्ष जात नाही आणि थांबला की गाणे अचानक पोकळ वाटते, असाच आमचा धंदा आहे.

आता चार गिटारींविषयी. लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये अमेरिकेत प्रिसिजन बेस बाजारात आणला, त्याआधी हे काम माणसाच्या उंचीचा डबल बेस करत असे. तो प्रवासात नेणे म्हणजे शिक्षा होती, ब्रास आणि ड्रम्सपुढे त्याचा आवाज दबून जाई आणि मानेवर फ्रेट म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या नसल्यामुळे बोट केसभर सरकले तरी सूर जाई. नव्या वाद्याला फ्रेट दिल्यामुळे सूर नेमका लागू लागला आणि 'प्रिसिजन', म्हणजे नेमकेपणा, हे नाव त्यावरूनच पडले. पुढे 1957 मध्ये त्याच्या पिकअपचे, म्हणजे तारेचे कंपन विजेत बदलणाऱ्या वेटोळ्याचे, दोन तुकडे करून ते एकमेकांच्या उलट जोडण्यात आले. हा तपशील कागदावर किरकोळ वाटतो, पण गणपतीच्या मांडवात ज्याने वाजवले आहे त्याला तो किरकोळ वाटणार नाही. तिथे एकाच जनरेटरवर लाइटिंगचे डिमर, फ्रिज आणि साउंड सिस्टिम चालते आणि साधा एकेरी पिकअप या सगळ्याची घरघर पकडून स्पीकरमधून सोडतो. दोन उलट वेटोळी ती घरघर एकमेकांत मारून टाकतात. 1960 मध्ये आलेल्या जॅझ बेसमध्ये दोन स्वतंत्र पिकअप असतात. दोन्ही पूर्ण उघडे ठेवले तर घरघर बंद होते, पण ज्याच्यासाठी तो बेस घ्यायचा तो मागच्या पिकअपचा टणक, नाकातला आवाज हवा म्हणून पुढचा पिकअप उतरवला, की मांडवातला डिमर पुन्हा बोलू लागतो. म्हणून मांडवात मी प्रिसिजन नेतो आणि जॅझ बेस नाट्यगृहासाठी ठेवतो. दोन वाद्ये ठेवण्यास एवढेच कारण मला पुरेसे वाटते.

त्याहून मोठा फरक तारांचा. चपटी पट्टी गुंडाळलेल्या तारा हाताला गुळगुळीत लागतात, त्यांचा सूर गोल आणि आखूड येतो आणि त्या वर्षानुवर्षे टिकतात. माझ्या प्रिसिजनवरचा संच मी नऊ वर्षांत बदललेला नाही. गोल तार गुंडाळलेल्या तारा नव्या असताना पियानोसारख्या खणखणतात, पण घाम आणि मळ खाचांत बसला की दीड-दोन महिन्यांत त्या मुक्या होतात. पूर्वी नवा संच परवडत नसे, तेव्हा आम्ही जुन्या तारा काढून पाण्यात उकळत असू. मळ सुटतो आणि दोन-तीन कार्यक्रमांपुरती चकाकी परत येते. आमच्या घरी हा उद्योग मी चहाच्या पातेल्यात केला होता. ते पातेले त्या दिवसापासून माझ्या नावावर झाले आणि आजही स्वयंपाकघरात परत आलेले नाही. मुद्दा असा की एकाच गिटारीवर आज चपट्या आणि उद्या गोल तारा चढवणे ही वाटते तितकी साधी गोष्ट नाही. ताण बदलला की नेकचा, म्हणजे गिटारीच्या मानेचा, बाक बदलतो, बाक बदलला की तारांची उंची बदलते, मग नेकमधली सळई पाव वळसा फिरवून एक रात्र वाट पाहावी लागते आणि पावसाळ्यात लाकूड दमट असले की तेही नीट बसत नाही. कार्यक्रमाच्या पहिल्या भागात जुनी भावगीते आणि दुसऱ्या भागात नवी नाचाची गाणी असतील, तर मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत हे होत नाही.

पाच तारांची गिटार मी हौसेने घेतली नाही, एका गायकामुळे घ्यावी लागली. आमचा मुख्य गायक पन्नाशीत आला तेव्हा त्याने सगळी गाणी एक-दीड सूर खाली घेतली. मूळ पांढरी तीनमध्ये असलेले गाणे पांढरी दोनमध्ये आले की षड्ज चार तारांच्या बेसच्या सर्वांत खालच्या सुराच्याही खाली जातो. मग एक सप्तक वर वाजवावे लागते आणि गाण्याचा पाया जमिनीवरून पहिल्या मजल्यावर जातो. पाचव्या तारेचा मोकळा सूर सुमारे 31 हर्ट्झचा असतो, त्यामुळे तो षड्ज पुन्हा जागेवर मिळतो. ही गिटार बॅटरीवर चालणारी आहे आणि कार्यक्रमानंतर केबल काढली नाही तर नऊ व्होल्टची बॅटरी गुपचूप उतरत राहते, हे मी एकदा इस्लामपुरात भर कार्यक्रमात शिकलो. दोष माझाच होता. चौथी गिटार बिनफ्रेटची. तिच्यावर मींड येते, गझलेला ती शोभते आणि वर्षातून फार तर दहा वेळा ती बाहेर निघते. तिचे समर्थन करताना माझा आवाज थोडा खाली येतो, हे कबूल करतो.

डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत ज्यांचा बेस आहे त्या जेम्स जेमर्सन यांचे उदाहरण माझ्याविरुद्ध सहज देता येईल. ते मुख्यतः एकाच 1962 च्या प्रिसिजनवर वाजवत, तारा चपट्या आणि शक्यतो न बदललेल्या, उजव्या हाताचे एकच बोट. तेवढ्या साहित्यावर त्यांनी जे केले ते आम्हा सर्वांना मिळून जमणार नाही. पण जेमर्सन एका स्टुडिओत, एका कंपनीच्या आवाजासाठी वाजवत होते आणि तो आवाज मुळात त्यांचाच होता. आम्ही एका रात्रीत पंचवीस गाणी वाजवतो आणि प्रत्येक गाण्यात दुसऱ्या कोणाचा तरी आवाज उसना आणतो. नक्कल करणाऱ्याला मुखवटे जास्त लागतात.

आता त्या तीन गिटारींचे. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचे पाणी आमच्या गल्लीत शिरले. आयर्विन पुलाजवळची पातळी किती झाली, हे आम्ही सांगलीकर तासातासाला विचारत होतो आणि तरीही तळमजल्यावरचे सामान हलवायला उशीर केला. पाणी उंबऱ्याला लागले तेव्हा मी वाद्ये वर नेऊ लागलो. आधी प्रिसिजन नेली, मग पाच तारांची, मग जॅझ बेस आणि बिनफ्रेटची एकत्र, दोन खांद्यांना दोन. मग धान्य, मग कागदपत्रे, मग आईचा पलंग. दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात बसून मटकीची उसळ खाताना आठवले की त्याच पलंगाखाली आणखी तीन गिटारी होत्या. एक लाल रंग आवडला म्हणून घेतलेली, एक स्वस्तात मिळाली म्हणून, आणि एक मित्राने पैशांची अडचण आहे म्हणून माझ्या गळ्यात मारलेली. पाणी ओसरल्यावर केस उघडल्या तेव्हा चिकटवलेले सांधे सुटले होते, नेकमधल्या सळया गंजून जाम झाल्या होत्या आणि पिकअपखाली गाळ बसला होता. हळहळ वाटली, पण खरे सांगायचे तर त्या तिन्ही मी आदल्या चार वर्षांत एकदाही हातात घेतल्या नव्हत्या. जे वाद्य पुरात आठवले नाही ते माझे नव्हतेच. लेखकाची थट्टा या तिनांना पूर्णपणे लागू आहे आणि ती मी निमूटपणे ऐकून घेतो.

त्यांतल्या लाल गिटारीचा सांगाडा तेवढा शाबूत होता. तो घेऊन मी मिरजेच्या एका सतारमेकरकडे गेलो आणि फ्रेट घासून सपाट करायला सांगितले, कारण तार जागोजागी चरचरत होती. त्याने नेक डोळ्यासमोर धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, "आमची सगळी मेहनत जवारी आणायची, आणि तुम्ही ती घालवायला आलाय." जवारी म्हणजे सतारीच्या तारेत मुद्दाम आणलेली झणझण. आठ दिवसांत त्याने ती वाजती करून दिली. आज ती आमच्या गल्लीतला एक अकरावीतला मुलगा वापरतो. अट एकच, महिन्यातून एकदा तारा पुसून मला दाखवायच्या. ज्यांच्या घरी कॉलेजच्या दिवसांतली गिटार माळ्यावर उभी आहे, त्यांनी असेच एखादे पोर शोधावे, एवढे या निमित्ताने सुचवतो. लाकडाचे वाद्य न वाजवता ठेवले म्हणून टिकत नाही.

लेखकाच्या भाच्याच्या चार गिटारींपैकी किती वाजतात आणि किती नुसत्या भिंतीवर दिसतात, हे मला माहीत नाही. ते पाहणे अवघड नाही. फ्रेटवर तारेखाली घर्षणाच्या खुणा पडल्या असतील, जिथे अंगठा टेकतो तिथले पॉलिश उडाले असेल आणि तिसऱ्या-पाचव्या फ्रेटच्या आसपास लाकूड काळसर झाले असेल, तर ती गिटार वापरात आहे. खुणा नसलेली एखादी सापडली तर लेखकाने तिच्याबद्दल खुशाल बोलावे.

राहिला 'चारही वाजायला सारख्या' हा मुद्दा. आमची तालीम दर शनिवारी संध्याकाळी सहा वाजता असते. लेखकमहाशयांनी भाच्याला घेऊन यावे आणि माझ्याकडे पाठ करून बसावे. एकच ओळ मी चारही गिटारींवर वाजवीन. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेतला फरक त्यांना कळला नाही, तर पुढच्या रविवारी तसे पत्र मीच आपल्याकडे पाठवीन.

आपला नम्र,
एक बेस गिटारवादक, सांगली