ध्वजदिन, ७ डिसेंबर : सभासदांना आठवण

सर्व सभासदांना नमस्कार.

७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन आहे. १९४९ पासून तो पाळला जातो. लाल, गडद निळा आणि फिकट निळा, म्हणजे भूदल, नौदल, वायुदल. हा छोटा ध्वज मुलांच्या खिशाला लावताना त्याचे रंग त्यांना समजावून सांगा. निधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात भरा आणि पावती घ्या. तो शहिदांची कुटुंबं, जखमी जवान आणि माजी सैनिक यांच्यासाठी असतो.

आपल्या सोसायटीत तीन माजी सैनिक आणि एक वीरपत्नी राहतात. गेल्या वर्षी आपण शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढले आणि दहा मिनिटांत पांगलो. काकू खुर्चीत एकट्याच बसून होत्या, मांडीवर घडी न मोडलेली शाल. ते मनाला लागून राहिलंय. म्हणून यंदा भाषण नाही, सत्कार नाही. संध्याकाळी ६ वाजता गच्चीवर चहाला या, मुलांना घेऊन या. काकांचा विषय टाळू नका, नाव घ्या. कसे गेले हे कुणी विचारू नये. कसे होते, हे जरूर विचारा.

सुट्टीत जमलं तर साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावी जाऊन या. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले, त्यांचा स्मृतिस्तंभ तिथे आहे. पुण्यात कॅम्पमधलं युद्धस्मारकही लोकवर्गणीतून उभं राहिलंय.

चहासाठी कप घरूनच आणा.