फिशर क्यूबच्या उलट्या कोपऱ्याबद्दल आभार

आदरणीय सर,

सादर प्रणाम.

गेल्या महिन्यात तुम्ही माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतलात, तेव्हा आभार मानण्याऐवजी मला थोडा रागच आला होता. ते राहून गेलेले आभार आज जाहीरपणे मानत आहे, कारण माझ्यासारखे याच जागी अडून बसलेले आणखीही कोणी असतील.

साधा रुबिक क्यूब मला न अडखळता सुटतो. मिरर क्यूबही, ज्यात रंग एकच आणि तुकड्यांची जाडी तेवढी वेगवेगळी, फार दिवस लागले नाहीत. रंग पाहण्याऐवजी बोटाने उंची चाचपायची, चाली त्याच. त्याच भरात ब्रिटनच्या टोनी फिशर यांच्या नावाने ओळखला जाणारा फिशर क्यूब हाती घेतला, ज्यात यंत्रणा साध्या क्यूबचीच, पण बाहेरचे तुकडे वेगळ्या आकारात कापलेले. सगळे जुळले, फक्त वरच्या थरातला एक कोपरा उलटा राहिला. क्यूब जोडतानाच कोणीतरी चूक केली असणार, अशी माझी खात्री झाली होती; म्हणूनच तो उघडायला मी स्क्रूड्रायव्हर उचलला होता.

तुम्ही चाल सांगितली नाहीत, प्रश्न विचारलात: हा तुकडा किती बाजूंबरोबर फिरतो? खरा कोपरा तीन बाजूंबरोबर फिरतो, कडेचा तुकडा दोनच. मी फिरवून पाहिले, तर तीन रंग मिरवणारा तो तुकडा दोनच बाजूंबरोबर फिरत होता. बाहेरचा आकार आतल्या यंत्रणेच्या तुलनेत 45 अंशांनी वळवून कापल्यामुळे कडेच्या तुकड्याला कोपऱ्याचे रूप येते, आणि मधल्या थरातल्या कडा बाजूच्या मधोमध एकरंगी होऊन बसतात, हे तेव्हा उमगले.

पण एकच कड उलटी राहणे तर साध्या क्यूबवर अशक्य. उलट्या कडांची संख्या नेहमी समच असते. मग दुसरी कुठे आहे? तुम्ही मधल्या थरातल्या एका एकरंगी तुकड्याच्या वरच्या टोकाला कागदाची छोटी टिकली चिकटवलीत, तो तुकडा चालींनीच वरच्या थरात आणून परत जागी उलटा बसवायला लावलात आणि वरचा थर पुन्हा सोडवायला सांगितलेत. या वेळी कोपरा सुलटा बसला. टिकली खाली गेली होती, तरी ती बाजू मात्र अगदी पूर्वीसारखी दिसत होती! बिघाड नव्हताच; मधल्या थरातल्या चार एकरंगी तुकड्यांपैकी कोणता तरी उलटा असूनही तसा दिसत नव्हता, एवढेच.

पुढच्या खेपेला उभ्या धारेवरच्या मध्याचे, म्हणजे आतल्या यंत्रणेत बाजूच्या मधोमध असलेल्या आणि जागीच फिरणाऱ्या तुकड्याचे, दोन रंग अदलाबदल झालेले दिसले, तेव्हा तुमचा दुसरा उपाय कामी आला. तो मध्य वर धरून उजवी बाजू वर, वरची घड्याळाच्या दिशेने, उजवी खाली, वरची पुन्हा त्याच दिशेने, दर वेळी पाव फेरी, असे 5 वेळा केले. वरची बाजू एकूण अडीच फेऱ्या फिरते, बाकी तुकडे जागी परततात आणि मध्य तेवढा अर्धा वळलेला राहतो. का चालते ते कळल्यामुळे हा क्रम पाठ करावा लागला नाही.

सध्या टेबलावर अ‍ॅक्सिस क्यूब आहे, त्याच यंत्रणेचा पण आणखी वेगळ्या प्रकारे कापलेला, ज्यात सहाही मध्यांची दिशा जुळवावी लागते. तो विस्कटण्यापूर्वी कोणता तुकडा किती बाजूंबरोबर फिरतो, ते मी कागदावर लिहून ठेवले आहे. स्क्रूड्रायव्हर तुमच्याकडेच राहू द्या.

आपला कृतज्ञ विद्यार्थी