गजर तुझा तू लाव

बडोदे
शनिवार, रात्रीचे साडेदहा

चि. सोनू यास,
अनेक आशीर्वाद.

एकाच घरात राहून आई पत्र लिहिते म्हणून हसू नकोस. तुला गाठायचं कुठे? पहाटे तू अर्धवट झोपेत असतोस, मग लालबागच्या पोहण्याच्या तलावावर. संध्याकाळी ऑफिसातून आलास की बूट चढवून कमाटीबागेत, आणि नऊला डोळे मिटलेले. म्हणून हे तुझ्या हेल्मेटमध्ये ठेवते आहे. हेल्मेट घालून बक्कल अडकवल्याशिवाय सायकलला हातसुद्धा लावायचा नाही, हा तुमच्या आयर्नमॅनचा, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं एका दमात करायच्या शर्यतीचा, नियम तूच मला सांगितलास. उद्या रविवार, पावागढच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचा वार, तेव्हा पत्र चुकायचं नाही. वाचून मग नीघ. दहा मिनिटं उशीर झाला तर हालोल रोड कुठे जात नाही.

विषय तुझ्या लग्नाच्या आजच्या बैठकीचा.

तिच्या बाबांनी मुहूर्तांची यादी किती नीट लिहून आणली होती. तुळशीचं लग्न लागलं की नोव्हेंबरपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत, मग गुजरात्यांची कमुरतां आणि आपला पौष, तेव्हा लग्नं नाहीत, की पुन्हा माघात. तू यादीकडे पाहिलंही नाहीस. फोन काढलास आणि म्हणालास, "नोव्हेंबरात गोव्याची शर्यत आहे, त्याआधी ट्रेनिंगचा पीक, नंतर रिकव्हरी. फेब्रुवारी बरा." दाताची अपॉइंटमेंट घ्यावी तसं. त्यावर ती हळूच म्हणाली, "फेब्रुवारीत माझं प्रदर्शन आहे." आणि तू म्हणालास, "हो का?"

त्या "हो का"नंतर तिच्या आईने सगळ्यांना पुन्हा एकदा लीलो चेवडो वाढला. कोणालाच नको होता.

प्रदर्शनाचं मला तिने मे महिन्यात सांगितलं होतं. मला माहीत आणि तुला नाही, असं कसं झालं? मी विचार केला आणि उत्तर सोपं निघालं. ती आपल्याकडे येते तेव्हा तू सायकलवर असतोस आणि मी स्वयंपाकघरात असते.

आता लगेच तोंड पाडू नकोस. "लग्न झालं की सुटेल हो हे वेड," असं आत्या जिन्यात म्हणाली ते तुझ्या कानावर गेलंच असेल. मी त्यातली नाही. पाण्याला घाबरणारा मुलगा एकोणतिसाव्या वर्षी सात वर्षांच्या पोरांच्या बॅचमध्ये फळी धरून पाय मारायला शिकला, हे मी काठावर बसून पाहिलंय. ती पोरं तुला "अंकल, साइड!" म्हणत पुढे जायची आणि तू भिंतीला धरून मुकाट खोकत राहायचास. तुझे आजोबा जुम्मादादांच्या आखाड्यात मल्लखांब करायचे. तुझ्यात ते आहे. आणि आमच्या या गावात उघड्या पाण्यात सराव करायचा तर विश्वामित्री नदीत मगरी, आजव्याच्या तलावातही मगरी. पोहण्याच्या तलावातल्या निळ्या फरशीवर शिकून तू पहिल्यांदा गोव्याला मिरामारच्या समुद्रात उतरलास तेव्हा मी वाळूवर रामरक्षा पुटपुटत होते. पाण्यात शेकडो टोप्या, सगळ्या सारख्या, आणि त्यातली माझी कुठली ते कळेना.

1.9 किलोमीटर पोहणं, 90 सायकल, 21.1 धावणं. बेरीज 113, म्हणजे 70.3 मैल, म्हणून नाव आयर्नमॅन 70.3. हे मला पाठ आहे. साडेआठ तासांच्या आत संपवायचं असतं आणि तू संपवलंस. त्या सबंध दिवसात मला तू एकूण दोन मिनिटं दिसलास. एकदा पाण्यातून धावत बाहेर येताना, दोनदा सायकलवर सुर्रकन जाताना (एकदा तर मी दुसऱ्याच कोणाला हात केला), आणि शेवटी. पण त्या दोन मिनिटांसाठी मी पुन्हा येईन. तेव्हा शर्यत सोड असं मी लिहीत नाहीये. लग्नासाठी सोडलीस तर दहा वर्षांनी भांडताना तू ती तिच्या तोंडावर फेकशील, आणि तिने ती मागितलेलीसुद्धा नाही.

मला हिशोबाबद्दल बोलायचंय.

आठवड्याला बारा तास, असं तू तिच्या बाबांना सांगितलंस. खोटं नव्हे, पण खरंही नाही. तुमच्या शर्यतीत पाण्यातून येऊन सायकल घेईपर्यंतचा वेळ आणि सायकल ठेवून बूट घालेपर्यंतचा वेळ एकूण वेळेत धरतात ना? मग घरात का धरत नाहीस? रविवारी तू पाच तास सायकल चालवतोस. त्याच्या आधी रात्री टायरची हवा, बाटल्या, चेनला तेल. आल्यावर अंघोळ, दोन माणसांचं जेवण, आणि मग दुपारी दोन तास मेल्यासारखी झोप. त्या झोपेत बेल वाजू द्यायची नाही, मिक्सर लावायचा नाही. घामाचे कपडे वेगळे धुवायचे, त्यात सॉफ्टनर घालायचा नाही, हे मला आता पाठ झालंय. मी मोजले तर वीस तास होतात. आणि पहाटे सव्वाचारला उठून उकडलेला बटाटा आणि कॉफी देते ते माझे वेगळे.

मी तक्रार करत नाही. आई आहे, आणि मला आवडतंही, त्या वेळी गल्लीत कोणी नसतं आणि पारिजातकाचा वास येतो. पण तू मला कधी विचारलं नव्हतंस. पहिल्या दिवशी मी आपणहून उठले, दुसऱ्या दिवशी तू बटाटा कुठे आहे विचारलंस. झालं.

मागे तू मला आयर्नमॅनची जन्मकथा सांगितली होतीस. हवाईमध्ये जॉन आणि जूडी कॉलिन्स या नवरा-बायकोला कल्पना सुचली, पोहणारा, सायकलवाला आणि धावणारा यांतला खरा दमदार कोण ते एकदा ठरवून टाकू. 1978 साली पहिल्या शर्यतीत पंधरा जण उतरले, बारा जणांनी पुरी केली. प्रत्येकाने आपापली मदतनीस माणसं सोबत आणायची होती, आणि दुसऱ्या आलेल्या गड्याच्या माणसांकडचं पाणी संपलं तर त्यांनी त्याला बिअर पाजली. बिअरवर आपण किती हसलो होतो. पण मला नंतर भाजी निवडताना एक सुचलं. कल्पना दोघांची, आणि उतरले ते पंधराच्या पंधरा पुरुष. जूडीबाईंनी तो दिवस कसा घालवला ते तू सांगितलं नाहीस, आणि मीही विचारलं नाही. पुढच्या वर्षी एक बाई उतरली आणि तिने ती पुरी केली, तेवढं मात्र तू सांगितलंस.

मदतनीस असणं काही वाईट नाही. पण मदतनिसाला आधी विचारतात.

तुझ्या बाबांचा रविवार क्रिकेटचा असायचा. पांढरे कपडे शनिवारी निळीत घालायचे, डबा भरायचा, आणि संध्याकाळी कोण कितीवर आऊट झालं ते ऐकायचं. मी कधी भांडले नाही, कारण माझा रविवार कुठला हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. ही तशी नाही, आणि मला तेच आवडलं. फाइन आर्ट्सची मुलगी आहे. हिचा दिवस रात्री सुरू होतो. जस्ताच्या पत्र्यावर रेघ ओढायची, तो पत्रा अॅसिडात घालायचा, धुवायचा, प्रेसमधून कागद काढायचा, नाही आवडला की पुन्हा. एकदा मी तिच्या स्टुडिओत बसले होते. चार तासांत सहा कागद निघाले आणि तिने पाच फाडले. तेव्हा माझ्या मनात आलं, हिला आणि तुला एकाच मातीचं केलंय, फक्त घड्याळं उलटी लावली आहेत. ती दोनला झोपणार, तू सव्वाचारला उठणार. म्हणजे तुम्ही दोघं एकत्र झोपलेले असे जेमतेम दोन-सव्वादोन तास. आई असून लिहिते, पण लिहायलाच हवं: एवढ्यात संसार होत नाही.

तो ट्रेनर, घरात जागच्या जागी सायकल चालवायचं ते यंत्र, तुमच्या खोलीत राहणार नाही. त्याचा घरघराट मी खालच्या मजल्यावर ऐकते. 2024 च्या ऑगस्टात पूर आला, लोकांच्या सोसायट्यांत मगरी शिरल्या, आपल्या खालच्या खोलीत गुडघाभर पाणी होतं, फ्रिज आपण चौघांनी जिन्यात चढवला, आणि संध्याकाळी मेणबत्तीच्या उजेडात वरून घरघर सुरू. "आजची सायकल राहिली होती ग." त्या दिवशी मला हसू आलं होतं. नव्या नवरीला पहाटे पाचला येणार नाही. गच्चीवरची खोली मोकळी करते, तिथली पापडाची पिंपं आणि गणपतीची आरास माळ्यावर जाईल. तिथे पंखा लावून घे.

नवरात्रात नऊ रात्री गरब्याला ती जाणार, बडोद्याची मुलगी आहे, ते ठरलेलंच समज. तू तेव्हा गोव्याच्या तयारीच्या ऐन भरात असशील. गुडघ्याचं कारण सांगून सगळ्या रात्री टाळू नकोस. दोन रात्री जा, मधोमध नको, कडेला उभा राहा, पण जा.

तारखेचं. मी एकही तारीख सुचवणार नाही. तिच्या बाबांना मी आठ दिवसांनी कळवते म्हणाले आहे, हॉलवालाही तेवढे दिवस थांबेल. तुम्ही दोघं कमाटीबागेत जा आणि बसून बोला. बसून. तू धावणार आणि ती बाकावर थांबणार, असं नाही. तुझी शर्यत आणि तिचं प्रदर्शन दोन्ही एका कागदावर लिहा, मग यादी उघडा. डिसेंबरचा पहिला आठवडा निघाला तर शर्यतीनंतर तीन-चार आठवडे मिळतात. पुढे उन्हाळ्यात निघाला तरी माझी ना नाही, घाम तुला नवा नाही. पण तिचं प्रदर्शन कधी, कुठे, किती कामं, हे तिच्या तोंडून नीट ऐकून घे. कामं टांगायला माणूस लागतो म्हणे. तू उंच आहेस.

एक अट मात्र माझी. लग्नाच्या आधीचे तीन आठवडे रस्त्यावर सायकल नाही, ट्रेनरवर काय ती चालव. हालोल रोडला ट्रकवाल्याने कट मारला आणि तू कोपर सोलून आलास तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, सायकलवाल्यांचं पहिलं मोडतं ते गळ्याचं हाड. अंतरपाटामागे हात झोळीत घालून उभा राहिलेला नवरदेव फोटोत जन्मभर राहील, आणि हार कसा घालणार? मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा आणि डोळ्यांभोवती गॉगलच्या गोल खुणा राहतील त्या राहू देत. त्या हळदीनेही जायच्या नाहीत.

आणि उद्यापासून पहाटे मी उठणार नाही. रागाने नव्हे. लग्नानंतर हे काम आपोआप दुसरीच्या अंगावर जाऊ नये, म्हणून आत्तापासून मोडते आहे. गजर तुझा तू लाव. बटाटे उकडून फ्रिजच्या मधल्या कप्प्यात आहेत, मीठ लावलेलं नाही. कॉफी चुलीच्या डावीकडच्या डब्यात. जाताना दार हळू ओढ, बाबा जागे होतात.

तुझी
आई

ता. क. मावशी तुझं केळवण गोव्याच्या आदल्या शनिवारी धरून बसली होती. मी मोडता घातला. पुरणपोळी, वर तूप आणि दुसऱ्या दिवशी समुद्र, हे जमणार नाही, हवं तर मऊ वरण-भात कर, असं म्हटलं. केळवणाला वरण-भात म्हणजे तिला अपमान वाटला. सकाळी फोन कर तिला. सायकलवरून नको, थांबून कर.